आयसीयूतील रुग्णाचा आहार: काय, किती आणि कोणत्या मार्गाने?

घरातील माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो. डॉक्टर ऑक्सिजन, रक्तदाब, किडनी यांविषयी सांगतात. ते ऐकून झाले की नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, दोन दिवस झाले, पोटात अन्नाचा कण नाही. सलाईनवर किती दिवस निघणार?"

हा प्रश्न अगदी योग्य आहे. गंभीर आजारात आहार हा उपचाराचाच भाग असतो, आणि औषधाप्रमाणेच त्याचीही वेळ, मात्रा आणि देण्याचा मार्ग ठरवावा लागतो. आहाराला उशीर झाला तर नुकसान होते. घाईने, जास्त किंवा चुकीच्या मार्गाने दिला तरीही नुकसान होते, आणि कधी कधी ते जिवावर बेतते. आयसीयूतल्या प्रौढ रुग्णाच्या आहाराचे निर्णय कसे घेतले जातात आणि त्यात तुमची मदत कुठे होऊ शकते, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- साध्या सलाईनमधून पाणी आणि क्षार मिळतात. ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही.
- रुग्णाची प्रकृती थोडी स्थिरावली की बहुतेक वेळा ४८ तासांच्या आत नाकातून पोटात घातलेल्या नळीने आहार सुरू करतात.
- पहिल्या काही दिवसांत आहार मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढे हळूहळू वाढवतात.
- डॉक्टर किंवा सिस्टर परवानगी देईपर्यंत तोंडाने पाण्याचा चमचाही देऊ नये.
- आजारापूर्वी रुग्ण किती जेवत होता आणि त्याचे वजन किती घटले होते, ही माहिती डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती फक्त तुमच्याकडेच असते.

गंभीर आजारात शरीरात काय घडते?

निरोगी माणूस एकादशीला दिवसभर उपाशी राहिला तर शरीर आधी यकृतातील साठवलेली साखर वापरते, मग चरबी जाळायला सुरुवात करते. स्नायू शक्यतो वाचवले जातात.

तीव्र जंतुसंसर्ग, मोठा अपघात, भाजणे किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र हे गणित बिघडते. ताणाची संप्रेरके आणि शरीरातील दाह यांमुळे स्नायू झपाट्याने झिजू लागतात. त्यांतून मिळणारी प्रथिने जखम भरण्यासाठी, जंतूंशी लढण्यासाठी आणि साखर तयार करण्यासाठी वापरली जातात. लंडनमधील आयसीयू रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूचा आकार १० दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हीच झीज छातीच्या आणि श्वासाच्या स्नायूंची झाली की व्हेंटिलेटर काढणे अवघड जाते, आणि रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही खुर्चीतून उठताना त्याला आधार लागतो.

ही झीज फक्त भरपूर खाऊ घालून थांबत नाही. मूळ आजार आटोक्यात येईपर्यंत शरीर दिलेले अन्न नीट वापरतच नाही. म्हणून पहिल्या दिवसांत आहाराचा हेतू मर्यादित असतो. आतडी कार्यरत ठेवायची आणि उपासमार होऊ द्यायची नाही, एवढाच. स्नायू परत कमावण्याचे काम आजार ओसरल्यावर सुरू होते आणि ते पुढे घरीही बरेच दिवस चालते.

सलाईन म्हणजे जेवण नव्हे

आपल्याकडे "सलाईन लावले म्हणजे ताकद आली" असा समज फार जुना आहे. थोडा हिशेब करून पाहू.

नॉर्मल सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. त्यात एकही कॅलरी नसते. रिंगर लॅक्टेटच्या बाटलीतही कॅलरी जवळजवळ नसतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर द्रावणात ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण १७० कॅलरी. दोन पोळ्यांच्या आसपास. त्यात प्रथिने अजिबात नसतात. जीवनसत्त्वे घातलेली पिवळी बाटली, जिला बरेच जण "ताकदीचे सलाईन" म्हणतात, तिनेही जेवणाची गरज भागत नाही.

अल्ब्युमिनविषयीही असाच गैरसमज आहे. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसले की नातेवाईक महागडी अल्ब्युमिनची बाटली चढवायचा आग्रह धरतात. तीव्र आजारात अल्ब्युमिन कमी होते ते मुख्यतः दाहामुळे, जेवण कमी पडल्यामुळेच असे नाही. अल्ब्युमिन देण्याची काही ठरावीक वैद्यकीय कारणे आहेत. पोषण हे त्यांतले कारण नाही.

तोंडाने का देत नाहीत?

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी गेलेली असते. तो गिळू शकत नाही. पण खरी गडबड बहुतेक वेळा ती नळी काढल्यानंतर होते. रुग्ण शुद्धीवर येतो, पाणी मागतो, ओठ कोरडे दिसतात. भेटीच्या वेळी कुणी चमचाभर पाणी, तीर्थ किंवा घरून आणलेली पेज भरवतो.

काही दिवस घशात नळी राहिली की गिळण्याची क्रिया मंदावते. घशाची संवेदना कमी झालेली असते आणि अशक्तपणामुळे खोकल्यात जोर नसतो. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरले तर एरवी आपल्याला जोराचा ठसका लागतो. अशा रुग्णाला कित्येकदा तो लागतही नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात जाते, न्यूमोनिया होतो आणि नुकताच व्हेंटिलेटरवरून सुटलेला माणूस पुन्हा व्हेंटिलेटरवर जातो. पक्षाघाताच्या रुग्णांमध्येही हाच धोका असतो.

म्हणून आधी गिळण्याची तपासणी होते. मोठ्या रुग्णालयांत ती स्पीच थेरपिस्ट करतात, इतर ठिकाणी डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर. बऱ्याचदा पातळ पाण्यापेक्षा दाट पदार्थ, उदाहरणार्थ दाट पेज किंवा घट्ट दही, गिळायला अधिक सुरक्षित ठरतात. कोणत्या रुग्णाला काय चालेल, हे तपासणीनंतरच ठरते.

तोपर्यंत रुग्णाला तहान लागलेली पाहवत नसेल तर सिस्टरला विचारून ओल्या गॉजने ओठ आणि जीभ पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा. तीर्थ द्यायची इच्छा असेल तर कपाळाला लावा. तेवढ्याने श्रद्धाही राखली जाते आणि रुग्णालाही धोका नसतो.

नाकातील नळीने आहार

नाकातून जठरापर्यंत जाणाऱ्या या नळीला बहुतेक रुग्णालयांत राइल्स ट्यूब म्हणतात. आतडी काम करत असतील तर आहारासाठी हाच पहिला मार्ग. अन्न आतड्यांतून गेले की त्यांचे अस्तर आणि तिथली रोगप्रतिकारक व्यवस्था चांगली राहते. हा मार्ग स्वस्तही आहे.

नळी घातल्यावर ती खरोखर जठरातच आहे याची खात्री करावी लागते. चुकून फुप्फुसात गेलेल्या नळीतून आहार दिला तर परिणाम भयंकर होतो. सर्वांत खात्रीची पद्धत एक्स-रेची. त्यामुळे "नळी घातली, मग अजून फीड का नाही?" याचे उत्तर बऱ्याचदा "एक्स-रे पाहायचा आहे" एवढेच असते.

*आहार कधी सुरू करत नाहीत?* रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांचा डोस वाढवत न्यावा लागत असेल तर आतड्यांना रक्तपुरवठा कमी असतो. अशा वेळी अन्न दिले तर आतड्याला इजा होऊ शकते. आतड्यात अडथळा असेल, आतडे फुटले असेल किंवा पोटात मोठा रक्तस्राव चालू असेल तरीही थांबतात. अशा रुग्णाला त्या दिवशी उपाशी ठेवणे हाच उपचार असतो. ही कारणे दूर झाली की सुरुवात होते.

*आहार कसा देतात?* काही ठिकाणी पंपाने दिवसभर संथ धारेने, तर काही ठिकाणी दर दोन-तीन तासांनी मोठ्या सिरिंजने. दोन्ही पद्धती वापरात आहेत. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांनी वर ठेवतात, म्हणजे अन्न घशाकडे उलटत नाही. रुग्ण खाली घसरला म्हणून नातेवाइकांनी पलंग सपाट करू नये. सिस्टरला बोलवावे.

*नळीतून काय देतात?* दोन प्रकार असतात. पहिला तयार फीडचा, पावडर किंवा द्रव. त्यातील कॅलरी, प्रथिने, क्षार ठरलेले असतात. साधारण मिश्रणात एका मिलिलिटरमागे एक कॅलरी असते. दुसरा प्रकार रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तयार केलेले आणि गाळलेले पातळ मिश्रण. ते स्वस्त असते, पण नळीतून उतरावे म्हणून पातळ केले की कॅलरी आणि प्रथिने घटतात. दाट राहिले तर नळी तुंबते. हाताळणीत जंतू जाण्याची शक्यताही जास्त. म्हणून आयसीयूत शक्यतो तयार फीड वापरतात.

घरून डबा आणून "हे ताजे आहे, हेच द्या" असे म्हणणारे बरेच असतात. त्यांची तळमळ खरी असते, पण डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिने फारच थोडी असतात आणि भाताच्या पातळ पेजेत मुख्यतः पाणीच असते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. किडनी काम करत नसेल तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

शाकाहार, जैन आहार, दुधाचे वावडे किंवा कुठली ॲलर्जी असेल तर आहारतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा. बहुतेक वेळा त्यानुसार फीड निवडता येते.

किती द्यायचे? हिशेब कसा होतो?

६० किलो वजनाच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. स्थिरावलेल्या रुग्णासाठी दर किलोमागे दिवसाला २५ कॅलरी हा ढोबळ अंदाज वापरतात, म्हणजे १५०० कॅलरी. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रथिने हळूहळू दर किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत न्यायची, म्हणजे सुमारे ७८ ग्रॅम. एका मिलिलिटरला एक कॅलरी असलेले फीड २० तासांत द्यायचे ठरले तर तासाला ७५ मिली येते.

मग चार्टवर पहिल्या दिवशी तासाला २० मिलीच का लिहिलेले दिसते?

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, तीव्र आजाराच्या पहिल्या दिवसांत यकृत स्वतःच भरपूर साखर तयार करत असते आणि बाहेरून अन्न दिले तरी ते थांबत नाही. त्यात वरून पूर्ण आहार दिला की रक्तातील साखर वाढते आणि पोटाचे त्रास होतात. म्हणूनच त्याच सूचनांत सुरुवातीच्या काही दिवसांत अंदाजित गरजेच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये आणि तिसऱ्या दिवसानंतर वाढवत न्यावे असे म्हटले आहे. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या ३,००० हून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला पहिल्या आठवड्यात दर किलोमागे फक्त ६ कॅलरी दिल्या, दुसऱ्याला २५. दोन्ही गटांत ९० दिवसांनंतरचे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. कमी कॅलरीच्या गटात पोटाचे त्रास कमी झाले आणि ते रुग्ण आयसीयूतून बाहेर जाण्यास थोडे लवकर तयार झाले. म्हणजे पहिल्या आठवड्यात कमी फीड दिसले की हेळसांड होते आहे असे समजू नये. मात्र दहाव्या-बाराव्या दिवशीही तेवढेच असेल तर जरूर विचारावे.

आणखी एक बारकावा. झोपेसाठी देतात ते प्रोपोफॉल नावाचे पांढरे औषध तेलाच्या मिश्रणात असते. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १.१ कॅलरी जातात. या कॅलरीही हिशेबात धरतात आणि तेवढे फीड कमी ठेवतात.

बरेच दिवस उपाशी राहिलेला रुग्ण: विशेष काळजी

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बरेच दिवस नीट न जेवलेल्या माणसाला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत शिरतात आणि रक्तातील त्यांची पातळी घसरते. परिणामी हृदयाचे ठोके बिघडणे, श्वासाचे स्नायू थकणे, झटके येणे असे प्रकार होऊ शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घ उपासमारीतून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये अन्न मिळू लागल्यावर असे त्रास दिसून आले होते.

हा धोका कोणाला?

- गेले पाच दिवस किंवा जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्यांना
- गेल्या तीन ते सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून अधिक घटलेल्यांना, म्हणजे ६० किलोचा माणूस ५४ च्या खाली आला असेल तर
- मुळातच फार कृश असलेल्यांना
- रोज दारू पिणाऱ्यांना
- केमोथेरपी चालू असलेल्यांना

अशा रुग्णाला आहार फार कमी मात्रेत सुरू करतात, आधी थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात आणि रक्तातील क्षार वारंवार तपासतात.

इथे तुमची माहिती महत्त्वाची ठरते. बेशुद्ध रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. "तापामुळे आठ दिवस नुसत्या चहावर होते", "दिवाळीपासून पँट सैल व्हायला लागली होती" अशी वाक्ये डॉक्टरांना कुठल्याही तपासणीइतकी उपयोगी पडतात. दारूविषयी लपवू नका. चारचौघांत सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

शिरेतून आहार

आतडी वापरताच येत नसतील तर साखर, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण मोठ्या शिरेतून देतात. याला टीपीएन म्हणतात. दुधासारखी पांढरी दिसणारी ही पिशवी साध्या सलाईनपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. ती खऱ्या अर्थाने आहार आहे.

मग सर्वांनाच का देत नाहीत? यात शिरेतील नळीतून जंतुसंसर्गाचा, साखर वाढण्याचा आणि यकृतावर ताण येण्याचा धोका असतो. खर्चही नळीच्या आहाराच्या कितीतरी पट. बेल्जियममध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, नळीचा आहार अपुरा पडणाऱ्या रुग्णांना शिरेतील आहाराची जोड पहिल्या दोन दिवसांतच देणे आणि आठव्या दिवसापर्यंत थांबणे यांची तुलना केली होती. थांबलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी झाले आणि ते लवकर बरे झाले. "पैशांची काळजी करू नका, शिरेतून भारीतले चालू करा" असे सांगण्यापूर्वी हे लक्षात असू द्या. आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आधीपासून कुपोषित असलेल्या काही रुग्णांना मात्र टीपीएन जीवनदायी ठरते आणि लवकर सुरू करावे लागते.

मधुमेह नाही, तरी इन्सुलिन का?

ताणामुळे मधुमेह नसलेल्यांचीही साखर आयसीयूत वाढते. १८० च्या वर राहू लागली की सहसा इन्सुलिन सुरू करतात. साखर अगदी काटेकोर, निरोगी माणसासारखी ठेवण्याचा प्रयत्न पूर्वी होत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तसे केल्याने मृत्यू वाढल्याचे दिसले, म्हणून आता बहुतेक रुग्णांत १४० ते १८० ही पातळी चालते. १६० आकडा पाहून घाबरू नका. आयसीयूतील इन्सुलिन म्हणजे कायमचा मधुमेह असेही नाही. मात्र घरी गेल्यावर साखर पुन्हा तपासून घ्या.

फीड बंद केले, उलटी झाली, जुलाब झाले

फीड अधूनमधून थांबते. सीटी स्कॅन, शस्त्रक्रिया, श्वासाची नळी काढण्याची तयारी ही नेहमीची कारणे. काम झाले की ते पुन्हा सुरू होते.

उलटी झाली किंवा पोट फुगले तर वेग कमी करतात, पोट पुढे सरकवणारी औषधे देतात, किंवा नळी जठराच्या पुढे लहान आतड्यात नेतात. जुलाब झाले की "फीड पचत नाही, बंद करा" असा आग्रह होतो. आयसीयूतील जुलाबांची कारणे अनेकदा अँटिबायोटिक, गोड सिरप स्वरूपातील औषधे किंवा आतड्याचा संसर्ग ही असतात. कारण शोधून उपचार करतात आणि शक्यतो फीड चालू ठेवतात.

डॉक्टरांना काय विचारावे?

भेटीची वेळ थोडी असते. हे पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१. आहार सुरू झाला आहे का? नसेल तर कारण काय?
२. ठरवलेल्या मात्रेपैकी काल प्रत्यक्षात किती गेला?
३. प्रथिने किती मिळत आहेत?
४. गिळण्याची तपासणी कधी होईल?
५. हातपाय हलवण्याचा व्यायाम सुरू झाला आहे का?

पाचवा प्रश्न आहाराचाच भाग आहे. हालचालीशिवाय नुसत्या प्रथिनांनी स्नायू भरत नाहीत. फिजिओथेरपिस्ट आले की रुग्ण दमला आहे म्हणून त्यांना परत पाठवू नका.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर

काही आजारांत एक टप्पा असा येतो की शरीर हळूहळू बंद होऊ लागते. भूक आणि तहान मंदावतात. या अवस्थेत नळीने जास्त आहार देऊन आयुष्य वाढत नाही. उलट सूज, उलट्या आणि छातीत पाणी होऊन त्रास वाढू शकतो. "आपण त्यांना उपाशी मारतो आहोत का?" हा प्रश्न घरच्यांना आतून पोखरतो. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो. तो जाण्याच्या वाटेवर असतो म्हणून त्याची भूक जाते. या टप्प्यावर उपचाराचा हेतू काय, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. रुग्णाने पूर्वी काही इच्छा बोलून दाखवली असेल तर तीही सांगा. तोंड ओले ठेवणे, वेदना कमी करणे आणि जवळ बसणे हीही सेवाच आहे.

आयसीयूतून बाहेर आल्यावर

नाकातील नळी निघाली की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पोषणाच्या दृष्टीने मात्र हाच काळ अनेकदा कमी पडतो. भूक नसते, चव गेलेली असते, दोन घासांत दम लागतो. "थोडे खाल्ले" असे सांगितले जाते आणि प्रत्यक्षात निम्मेही पोटात जात नाही. आता शरीर अन्न वापरायला तयार असते, म्हणून खरी भर याच वेळी घालायची. दिवसात तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा-सात वेळा थोडे थोडे द्या आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिने असतील असे पाहा.

साधारण प्रमाण असे:

- एक अंडे: ६ ग्रॅम प्रथिने
- एक पेला (२०० मिली) दूध: ६ ते ७ ग्रॅम
- ३० ग्रॅम कच्च्या डाळीचे घट्ट वरण: सुमारे ७ ग्रॅम
- ३० ग्रॅम शेंगदाणे (कूट करून): सुमारे ७ ग्रॅम
- १०० ग्रॅम पनीर: सुमारे १८ ग्रॅम

मूगडाळीची घट्ट खिचडी तूप घालून, नाचणीचे सत्त्व दुधात, दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, चालत असल्यास मऊ शिजवलेले अंडे किंवा मासा. नुसते सूप, फळांचा रस आणि चहा-बिस्किटांनी पोट भरते, स्नायू भरत नाहीत. किडनी किंवा यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

*नळी घेऊनच घरी आला असाल तर:*

- फीड देताना आणि नंतर ३० ते ६० मिनिटे रुग्णाला बसते किंवा उशांवर टेकलेले ठेवा.
- दर वेळी आधी नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते पाहा. नळी बाहेर सरकलेली वाटली तर फीड देऊ नका आणि ती स्वतः आत ढकलू नका.
- फीड आणि औषधे दिल्यावर साधारण ३० मिली स्वच्छ पाणी सोडा. पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांना विचारा.
- प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम अंगात जाते. यादी दाखवून विचारून घ्या.
- उरलेले मिश्रण उघडे ठेवू नका. हात धुऊनच हाताळा.

*ताबडतोब डॉक्टरांशी संपर्क साधा, जर:* फीड देताना खोकला किंवा दम लागला, ओठ निळसर दिसले, ताप आला, वारंवार उलट्या झाल्या, पोट टणक फुगले, काळी शौच झाली, किंवा रुग्ण नेहमीपेक्षा गुंगीत वाटला. यांपैकी काहीही दिसले तर फीड लगेच थांबवा, रुग्णाला बसते करा आणि दम लागत असेल तर फोनवर सल्ल्याची वाट न पाहता १०८ ला बोलवा.

घरी आल्यावर दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन घ्या आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. सलग दोन आठवडे वजन घटत असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचा आहार त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच ठरवा.*